एक मिनिट, सूर लावून घेतो

परवा भाची जेवायला आली होती गोडदेवला. ती कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवते. वरणभात कालवता कालवता म्हणाली, "मामा, स्टेजवर पेडल ट्यूनर लागतोच का रे? मोबाईलवर अ‍ॅप आहे की. फुकटात."

मी म्हटलं, लागतोच.

"पण का?"

तोंडात घास असताना मी जे काही उत्तर दिलं ते तिला पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. ती गेली, मी मात्र दोन दिवस तेच घोळवत बसलो. शेवटी म्हटलं लिहूनच काढू. बायको म्हणाली, एवढ्याशा डबीवर काय लिहिणार? बघू या.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही (म्हणजे आमचे निम्मे नातेवाईक, जे अजूनही माझ्या बेस गिटारला "ती मोठी गिटार" म्हणतात) त्यांच्यासाठी थोडक्यात. पेडल ट्यूनर म्हणजे साबणाच्या वडीहून जराशी मोठी धातूची डबी. जमिनीवर ठेवायची. गिटारची वायर तिच्यात जाते आणि तिच्यातून पुढे अँपला. पायाने दाबली की गिटारचा आवाज बंद होतो आणि आपण छेडलेली तार कोणत्या स्वरात आहे, चढी आहे की उतरलेली, हे डबीवरचे दिवे दाखवतात. दिवा मधोमध येऊन हिरवा झाला की झालं. परत दाबली की आवाज चालू. एवढंच काम.

मोजमाप सेंटमध्ये असतं. पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. लागोपाठ ऐकवलं तर पाचसहा सेंटचा फरक बऱ्यापैकी कानाला कळतो. ही डबी एक सेंटपर्यंत जाते. १९९८ साली जपानच्या बॉस कंपनीचा टीयू-२ आला आणि तिथून पुढे हा प्रकार जगभरच्या स्टेजवर दिसायला लागला. २०१० मध्ये टीयू-३ आला, आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या टीसी इलेक्ट्रॉनिकने पॉलीट्यून काढला, ज्यात सहाच्या सहा तारा एकदम छेडल्या तरी कोणती बिघडलीय ते दिसतं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा जादूच वाटली होती.

आता भाचीच्या अ‍ॅपबद्दल. घरी अ‍ॅप उत्तम चालतं, मीही वापरतो. पण अ‍ॅप ऐकतं मोबाईलच्या माइकमधून. आमच्याकडच्या स्टेजवर त्या माइकला काय काय ऐकू येईल? ढोलकीवाला चाट लावून बघतोय, मागे जनरेटर धडधडतोय, निवेदक "आत्ताच आपल्यात आगमन झालेलं आहे..." करत शालश्रीफळांची यादी वाचतोय. त्यात तुमची तार शोधणार कुठे ते बिचारं अ‍ॅप. गिटारच्या डोक्यावर लावायचा चिमटा-ट्यूनर त्यातल्या त्यात बरा, कारण तो लाकडाची थरथर वाचतो. पण तो आवाज बंद करत नाही, आणि फळ्यांचं स्टेज ड्रमने हादरत असलं की तोही गोंधळतो. पेडलला थेट वायरमधून तुमचाच आवाज मिळतो, दुसऱ्या कुणाचा नाही. भाचीला हे सांगायला हवं होतं. पण तो माझ्या मनातला खरा मुद्दा नव्हता, म्हणून तेव्हा सुचलं नाही.

आमच्या ऑर्केस्ट्रातले एक ज्येष्ठ गिटारिस्ट आहेत, त्यांना सगळे काकाच म्हणतात. मला पहिले सहा कॉर्ड त्यांनी शिकवले. 'कर्ज'मधल्या 'एक हसीना थी'ची गोरख शर्मांनी वाजवलेली धून ते डोळे मिटून वाजवतात आणि प्रत्येक कार्यक्रमात तिची फर्माईश येतेच. काकांना ट्यूनर या वस्तूचाच राग. "कान काय शोभेला दिलेत का रे देवाने? शास्त्रीयवाले बघ. स्टेजवर बसून, लोकांसमोर, निवांत सूर लावतात. कुणी लाजत नाही."

काकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पुण्याला सवाई गंधर्वला एकदा गेलेला माणूसही सांगेल, की पडदा वर गेला की आधी तानपुरे लागतात. मग तबलजी हातोडीने गट्टे ठोकतो, गायक कान देऊन ऐकतो, मान हलवतो, परत ठोकाठोक. लोक चिवडा खात थांबतात. त्यात वेळ वाया जातोय असं कुणाला वाटत नाही. तानपुऱ्याच्या तारेखालचा तो सुती धागा केसाएवढा सरकला की आवाज कसा उघडतो ते ऐकणं हाच एक आनंद असतो. १ ऑगस्ट १९७१ ला न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी मोठा कार्यक्रम झाला. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी सतार-सरोद लावून घेतले आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सूर लावणं हेच त्यांना वादन वाटलं! रविशंकरांनी हसत हसत त्यांना सांगितलं, की लावणंच एवढं आवडलं असेल तर आता वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे. हा किस्सा लोक त्या श्रोत्यांची टिंगल करायला सांगतात. मला मात्र ते श्रोते आवडतात. लावलेल्या सतारीचा नुसता आवाजसुद्धा टाळी घेण्यासारखा असतो.

पण काका, विजेवरची गिटार म्हणजे सतार नव्हे हो. पंधरा इंची स्पीकरमधून 'टोंईंईंग टुंईंग' करत तार वर चढवली तर त्यात कुणाला आनंद होत नाही. शेजारी ढोलकीवालाही तेच करत असतो, कीबोर्डवाला एक पट्टी दाबून धरतो आणि सगळे एकमेकांवर ओरडतात. आम्ही कित्येक वर्षं असंच लावायचो. त्यात सगळ्यांत मोठ्या आवाजाचा माणूस जिंकायचा. शिवाय शास्त्रीय मैफलीत घाई नसते. आमच्याकडे दहाला स्पीकर बंद करायचा असतो, सात वाजताचा कार्यक्रम भाषणं संपून साडेआठला सुरू होतो, आणि आयोजक विंगेतून घड्याळ दाखवत उभा असतो. अशा वेळी दोन गाण्यांमध्ये मिळतात ते वीस सेकंद. वीस सेकंदांत निवांत होणं मला तरी जमत नाही.

त्यात आमची हवा. भाईंदर म्हणजे खाडी, मिठागरं आणि दमटपणा. गणपतीचा मांडव असतो पत्र्याचा आणि ताडपत्रीचा. बाहेर भाद्रपदातला पाऊस, आत हॅलोजनचे दिवे. गिटार पिशवीतून काढली की गार असते, दहा मिनिटांत दिव्याखाली गरम होते. तार गरम झाली की सैलावते, स्वर उतरतो. लाकडाचं आणखी वेगळंच काहीतरी चालतं. नवी तार असेल तर ती आपण होऊनही ताणली जाते आणि खाली येते.

गिटारचंच कशाला, बेंजो घ्या. मिरवणुकीत टेम्पोवर जो बेंजो वाजतो ते मूळचं जपानी वाद्य आहे. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता नावाच्या माणसाने ते तयार केलं, ताइशोगोतो नावाने. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, आणि मुंबईत त्याला पिकअप लावून बेंजो पार्ट्या उभ्या राहिल्या. त्याच्या सुरावटीच्या तारा एकाच स्वरात लागाव्या लागतात, आणि एक जरी उतरली की तो वैतागलेला किणकिणाट ऐकू येतो. फाटकापासून गोडदेव नाक्यापर्यंत मिरवणूक यायला तीन तास लागले की बेंजोचं काय होतं ते आमच्याकडच्या लहान पोरांनाही पाठ आहे. पण मिरवणुकीत बेसूरपणा खपून जातो, गुलालाबरोबर उडून जातो. स्टेजवर तसं होत नाही, तिथे तो कुणाच्या तरी अंगावर पडतो.

आता जे सांगायचं टाळत होतो ते.

२००६ सालचा गणपती. आमच्याच भागातल्या एका मंडळाचा स्थानिक कलाकारांचा कार्यक्रम, आणि साथीला आम्ही. मी त्या दिवशी दुपारी बेसला कोऱ्या तारा चढवल्या होत्या. कारण काय, तर चकाचक दिसाव्यात आणि आवाज झणझणीत यावा. नव्या तारा एक दिवस आधी चढवून, हाताने ताणून ठेवायच्या असतात हे मला ठाऊक होतं. पण केलं नाही.

समोरच्या चाळीतल्या एक मावशी त्या रात्री एक भावगीत गाणार होत्या. महिलांच्या भजनात त्या वर्षानुवर्षं गायच्या, आवाज अगदी सुरेल. पण ऑर्केस्ट्राबरोबर, माइकवर, भरल्या मांडवात गाण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. पट्टी काळी चार. आधी दोनदा घरी येऊन तालीम करून गेल्या होत्या. नवी साडी, केसात गजरा. मुलगा सून पहिल्या रांगेत.

काळी चारचा सा मी सगळ्यांत जाड तारेवर चौथ्या पडद्यावर वाजवतो. पहिली चार गाणी दणक्यात वाजवून झाली होती आणि ती तार उतरली होती. मुखडा संपायच्या आत मला कळलं. कळलं म्हणजे पोटात कळलं. कीबोर्ड एकीकडे, मी त्याच्या खाली. पुढे त्यांचा मॉनिटर धड चालत नव्हता, आणि खर्जाचा आवाज चहूकडे पसरतो, त्यामुळे त्यांना सगळ्यांत जास्त ऐकू येत होतो तो मीच. त्या बिचाऱ्या माझ्याकडे यायला बघायच्या, मग कीबोर्ड ऐकू आला की वर जायच्या. दुसऱ्या कडव्याला आवाज थरथरायला लागला. मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं.

मी काय करायला हवं होतं? वाजवणं थांबवायचं. चार मात्रा बेस नसला तर कुणाचं काही बिघडत नाही. आवाजाचं बटण बंद करून कान लावून तार वर घ्यायची. किंवा त्या तारेवर जायचंच नाही, तोच सा वरच्या सप्तकात दुसऱ्या तारेवर घ्यायचा. सगळं येत होतं मला. पण समोर दोनशे माणसं, आणि बेसवाल्याने गाण्याच्या मधे खुंटी पिळायची म्हणजे आपली चूक सगळ्यांना दाखवायची. तर मी मान खाली घालून वाजवत राहिलो.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या तेवढ्या पडल्या. निवेदक म्हणाला, मावशी जरा घाबरल्या होत्या, पण त्यांच्या वयाचा उत्साह बघा! नंतर वडापाव खाताना आमच्यातलाच एक म्हणाला, हौशी गायकांना घेऊ नये, सूर सोडतात. मी वडापाव खात होतो. काही बोललो नाही. सगळे गेल्यावर तार कीबोर्डशी लावून बघितली. चांगली उतरलेली होती, कुणालाही ऐकू येईल इतकी.

त्यानंतर मावशी मांडवात गायल्या नाहीत. भजनातही मागे बसायला लागल्या. हे बायकोकडून कळायचं, मी "हं" म्हणायचो.

पुढच्या दिवाळीच्या बोनसमधून मी पेडल ट्यूनर घेतला. घरच्यांना वाटलं, आणखी एक खेळणं.

तर भाचीबाई, उत्तर हे आहे. ट्यूनर तुझ्या कानासाठी नाहीच. तुझा कान चांगला आहे, माझाही त्या रात्री चांगलाच होता. पण कानाने ओळखल्यावर दुरुस्त करायला थोडा निलाजरेपणा लागतो आणि तो भर स्टेजवर आपल्यात असेलच असं नाही. पेडल दाबलं की आवाज बंद होतो, कुणाला काही कळत नाही, तू खाली मान घालून दहा सेकंदांत मोकळी. माझ्या मते ट्यूनरपेक्षा ते आवाज बंद होणंच जास्त मोलाचं आहे. आणि बेसूर वाद्याचं बिल नेहमी गाणाऱ्याच्या नावावर फाटतं, हे गिटार हातात घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगायला हवं. प्रेक्षकांना बेस वेगळा ऐकू येत नाही. त्यांना फक्त गायक दिसतो.

(काहीजण म्हणतात पेडलमुळे टोन मरतो. लांब वायरीने त्याहून जास्त मरतो, आणि पत्र्याच्या मांडवात तुमचा टोन कोण ऐकतंय? पुढे.)

वापरायच्या एकदोन गोष्टी सांगून ठेवतो, विशेषतः बेसवाल्यांना. जाड तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते, इतका खालचा स्वर ओळखायला डबीला वेळ लागतो आणि दिवा नाचत राहतो. बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक काढा, लगेच स्थिर होतो. तार नेहमी खालून वर आणून थांबवा. वरून खाली सोडलीत तर ती खुंटीत सैल राहते आणि पहिल्याच ठोक्याला आणखी उतरते. आणि गाण्यात जेवढ्या जोराने वाजवता तेवढ्याच जोराने छेडून लावा. घरी हळुवार छेडून हिरवा दिवा आणायचा आणि स्टेजवर कुदळ मारल्यासारखं वाजवायचं, हा मी अनेक वर्षं केलेला उद्योग आहे.

पण काकांचं अर्धं खरं होतं म्हटलं ना, तर ते दुसरं अर्धं. ट्यूनर घेतल्यावर मी काही महिने त्या हिरव्या दिव्याचा भक्त झालो होतो. मग एका नातेवाइकांकडे सत्यनारायणाच्या पूजेला भजन होतं, पेटी-तबला आणि हौसेने मी. चारही तारा हिरव्या. वाजवायला लागलो तर पेटीशी सतत घासतंय. पेटी ४४३ ची निघाली. म्हणजे ट्यूनर ज्या 'ए' स्वराला ४४० कंपनं धरतो, त्याला त्या पेटीत ४४३ होती. बारा सेंटचा फरक, दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला तीन लहरी येतात, वॉव-वॉव-वॉव. आता पेटीचे सूर काही जागच्या जागी बदलत नाहीत, त्यासाठी एकेक पितळी पट्टी घासावी लागते. मग हलायचं कुणी? ज्याला हलता येतं त्याने. बहुतेक पेडलांवर हा ४४० चा आकडा वरखाली करायची सोय असते. मला ती सोय आहे हेच माहीत नव्हतं, माहितीपुस्तक कोण वाचतो.

आणि खुद्द पेटी तरी कुठे खरी? १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. त्यात एक तक्रार हीच, की तिचे स्वर समान अंतरावर कापलेले, आपल्या गायकीतले नव्हेत. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंट खाली असतो. हिरवा दिवा गंधाराला लागला तरी गाणाऱ्याचा गंधार तिथे असेलच असं नाही. तेव्हा दिवा बघा आणि मग पाय उचलून कानही वापरा. काका हे वाचणार नाहीत, त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, तरी त्यांना प्रणाम. :)

हे सगळं लिहून झाल्यावर ते छापायची हिंमत होईना. म्हटलं, जगाला सांगायच्या आधी जिला सांगायला हवं तिला सांगितलंच नाहीये. म्हणून रविवारी संध्याकाळी मावशींकडे गेलो. आता चाळ नाही, तिथेच इमारत झालीय, तिसऱ्या मजल्यावर राहतात. सत्तरी ओलांडलीय. कोपऱ्यात पेटी, वर क्रोशाचं झाकण.

मी सांगितलं. पाठ केलेलं सगळं विसरलो आणि भलतंच काहीतरी जोडून बोललो, पण सांगितलं.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा घसा नव्हता बसलेला?"

"नाही मावशी."

"मी त्या दिवशी दुपारी ताक प्याले होते रे. मला वाटलं त्यानेच झालं. तेव्हापासून भजनाच्या दिवशी ताकाला शिवले नाहीये मी."

मी खाली बघत होतो.

"तेव्हाच सांगायचंस की," त्या म्हणाल्या. रागाने नाही, पण हसूनही नाही. मग उठून चहा टाकायला गेल्या आणि आतून विचारलं, साखर चालते ना तुला अजून.

चहा झाल्यावर त्यांनी झाकण काढून पेटी पुढ्यात ओढली. येत्या एकादशीला त्यांच्याकडे भजन आहे, ये म्हणाल्या, तुझी ती मोठी गिटार घेऊन. मी म्हटलं आधी पट्टी बघून ठेवतो. पेडल घरी होतं, आणि तसाही त्याला माइक नसतोच. तेव्हा खिशातून मोबाईल काढला आणि भाचीनेच घालून दिलेलं ते फुकटातलं अ‍ॅप उघडलं. मावशींनी भाता हलवला, काळी चार दाबली. काटा उजवीकडे गेला, लाल.

"मावशी, हे चढं दाखवतंय."

"मग त्याला सांग," त्या भाता हलवत म्हणाल्या, "पेटी माझ्या सासऱ्यांची आहे."

४४४ वर नेल्यावर हिरवं झालं. आकडा लिहून घेतलाय.